चार अँपिअर आणि एक पोतं साखर

तग्रीदच्या दुकानात कुणी शिरलं की ती आधी एक प्रश्न विचारते, आणि तो नव्या गिऱ्हाइकाला हमखास झोंबतो. सबीहलाही झोंबला. बिचारा तीन महिने विचार करून, चार वेळा यादी फाडून नव्याने लिहून, बगदादच्या सिनाआ रस्त्यावर कम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला आला होता. खिशात बायकोने मोजून दिलेले तीन लाख दिनार. त्याला वाटलं होतं, आपण यादी पुढे करायची, बाईने भाव सांगायचा, आपण तो अर्ध्यावर आणायचा, मग तिने नाक मुरडायचं आणि आपण उठून निघाल्यासारखं करायचं. सगळं रीतसर. पण तिने यादीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"अम्मो, घरी अँपिअर किती घेता?"

पिकल्या मिशीच्या प्रत्येकाला ती अम्मो म्हणते, काका म्हणावं तसं. त्याचं काही नाही. पण अँपिअर विचारणं म्हणजे आमच्याकडे पगार विचारण्यासारखं आहे. सरकारी वीज येते-जाते, आणि जाते ती जास्त. ती गेली की गल्लीतला जनरेटरवाला वीज विकतो, अँपिअरवर, महिन्याच्या बोलीने. कोण दहा घेतो, कोण तीनवर भागवतो, हे अख्ख्या गल्लीला पाठ असतं आणि लग्नं जुळवताना त्याचा विचारही होतो. सबीह ताठ मानेने म्हणाला, "पुरेसे घेतो."

"पुरेसे म्हणजे चार," तग्रीद म्हणाली आणि कागदावर चार लिहून मोकळी झाली.

ती इंजिनियर झालेली मुलगी. सरकारी नोकरीची सात वर्षं वाट बघितली, मग बांगड्या मोडून जुन्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. जीभ अशी की गिऱ्हाईक एकदा तरी रुसून जातंच. पण परत येतं, कारण बाई खोटं बोलत नाही. सबीहने काचेवरचं एक कार्ड उचललं, पडद्यावर चित्र रंगवतं ते, दोन पंख्यांचं, चांगलं वीतभर लांब. आणि जन्माच्या सवयीने त्यावर बोटाच्या पेराने टकटक करून कानाशी धरलं. तग्रीद शांतपणे म्हणाली, "अम्मो, ते कलिंगड नाही."

त्याला तरी काय दोष द्यायचा? बावीस वर्षं त्याने बगदाद ते अम्मान रस्त्यावर ट्रक हाकला. बेअरिंग असो, ब्रेकचा ड्रम असो, वाजवून बघितल्याशिवाय त्याने दमडी मोजली नाही. पुढे तो रस्ता माणसं गिळायला लागला, तेव्हा ट्रक विकला आणि एक मिनीबस घेतली. आता एकसष्टाव्या वर्षी तो शाळेच्या मुलींना सकाळी पोचवतो आणि दुपारी आणतो. मुली मागे बसून त्याच्या मिशीवरून खिदळतात. तो ऐकू न आल्यासारखं करतो आणि ताशी चाळीसच्या वर जात नाही.

मग या माणसाला खेळायच्या कम्प्युटरचं वेड कुठून लागलं? तर तोमामुळे.

तोमा म्हणजे त्याच्या जोडीचा ड्रायव्हर. त्या रस्त्यावर एकटा ट्रक कधी जात नसे; दोन गाड्या जोडीने निघायच्या आणि जोडीने पोचायच्या. एक नियम होता, कुणी लिहिलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक: जोडीचा ट्रक थांबला की आपला थांबतो. चाक फुटो, झोप येवो, जुलाब होवोत, थांबायचं. चारी दिवे लुकलुकत ठेवायचे आणि दुसऱ्याचं निस्तरेपर्यंत चहा करत बसायचं. सबीह आणि तोमा असे अकरा वर्षं जोडीने चालले. पुढे तोमाचं सगळं कुटुंब अमेरिकेत गेलं, डेट्रॉइटला. तिथे तो भाच्याच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसला आणि गुडघे गेल्यावर घरी बसला.

दोन वर्षांपूर्वी सबीहची मुलगी रंद लग्न होऊन अर्बीलला गेली. इमारतींचे नकाशे काढायला घेतलेला तिचा कम्प्युटर घरी राहिला. जाताना तिने बापाला एक खेळ घालून दिला: ट्रक चालवायचा, माल पोचवायचा, आणि इंटरनेटवरून दुसरा कुणी आपल्या बरोबर त्याच रस्त्यावर ट्रक चालवू शकतो. सबीह म्हणाला, पोरखेळ आहे. आठ दिवसांनी त्याने तोमाला फोन करून तोच खेळ घ्यायला लावला. तेव्हापासून दर शुक्रवारी, आमच्याकडे संध्याकाळचे सहा आणि तोमाकडे सकाळचे अकरा वाजले की दोघे म्हातारे आपापल्या खुर्चीत बसून युरोपातल्या रस्त्यांवरून कांदे-बटाटे वाहायचे. एक पुढे, एक मागे. कानाला यंत्र लावून गप्पा. गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळे विषय.

लेकीच्या नावावरून सबीहला लोक अबू रंद म्हणत आणि त्याच्या बायकोला उम्म रंद. ती म्हणायची, "बावीस वर्षं रस्त्यावर होतात तेव्हा घर घर करायचात. आता घरी आहात तर रस्ता रस्ता."

आता अडचण अशी झाली, की खेळाची नवी आवृत्ती येत होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारपासून जुनी बंद. आणि नवीत काय होतं? रमादीच्या आणि जॉर्डनमधल्या काही हौशी पोरांनी खपून अम्मान ते बगदाद रस्ता बनवला होता. सीमेवरची चौकी, रुतबा गाव, तिथला पेट्रोल पंप, मैलांचे दगड, सगळं. तोमाने फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. पण रंदचं मशीन जुनं. नव्या खेळाला स्मृती जास्त लागणार, डिस्क वेगवान लागणार, चित्राचं कार्ड दांडगं लागणार. तोमाच्या भाच्याने त्याला सगळं नवं करून दिलं होतं. सबीहला नाही जमलं तर तोमा त्या रस्त्याला एकटा लागणार होता.

आणि एकटा हा शब्द सबीहला सोसायचा नाही. त्यामागे एक गोष्ट होती, ती येईलच.

उम्म रंदच्या भिशीची पाळी त्या महिन्यात आली. स्वयंपाकघराचं छत गळत होतं, त्याचे पैसे तिने आधी काढून ठेवले. उरलेले तीन लाख तिने नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि बजावलं, याच्यावर एक दिनार नाही, आणि कुणाकडून चुना लावून घेऊन येऊ नका.

तग्रीदने दहा मिनिटांत निकाल दिला. रंदचा डबा दणकट आहे, मूळ मशीन चांगलं आहे. स्मृती दुप्पट करा, पंचावन्न हजार. जुनी फिरती डिस्क काढून नवी वेगवान घाला, पन्नास हजार. वीज गेली तरी मशीन दहा मिनिटं जागं ठेवते ती बॅटरीची पेटी, माझ्याकडे वापरलेली आहे, ऐंशी हजार. आणि चित्राचं कार्ड आहे तेच राहू द्या. चित्र जरा ओबडधोबड दिसेल, बाकी चालेल. हे मोठं कार्ड एकटं तुमच्या चारातला दीड अँपिअर खाईल.

सबीहचं तोंड पडलं. ज्या रस्त्यावर जवानी गेली तो रस्ता ओबडधोबड बघायचा? त्याने कागदाची घडी खिशात घातली, स्मृतीच्या दोन पट्ट्या तेवढ्या तिच्याकडून घेतल्या आणि बाकीचं बघतो म्हणाला. तिला कळलं. ती म्हणाली, "बघा. शेजारी आहेच दुकान. तो काही विचारत नाही."

शेजारच्याने खरंच काही विचारलं नाही. वर चहा पाजला. दोन लाख चाळीस हजारांत दोन पंख्यांचं कार्ड सबीहच्या काखेत आलं, आणि गडी विजयी मुद्रेने घरी गेला. अंथरूण पाहून पाय पसरावे हे तो मिनीबसमधल्या मुलींना सुद्धा ऐकवायचा. पण स्वतःवर वेळ आली की माणूस अंथरूण बघतो कुठे, तो पायच बघत बसतो. एवढं मात्र केलं, की रंदचं जुनं कार्ड फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. निघालेला भाग ड्रायव्हर फेकत नाही.

पहिला शुक्रवार आला. सकाळी तुपातल्या अंड्यांबरोबर बागिला म्हणजे उकडलेल्या घेवड्याचा नाश्ता झाला, दुपारची झोप झाली, आणि सहाच्या ठोक्याला दोन्ही ट्रक अम्मानच्या बाहेर उभे राहिले. सबीह पुढे, तोमा मागे. आणि खरं सांगतो, पैसे वसूल झाले. सीमा ओलांडली तसा वाळवंटाचा तो राखाडी-पिवळा रंग डोळ्यांपुढे पसरला. दगडादगडाची सावली वेगळी. सूर्य उतरायला लागला की काचेवर धूळ चमकते तीसुद्धा होती. रुतबाचा पंप दिसला तेव्हा तोमा म्हणाला की इथला चहावाला आपल्याला कायम जुनी पत्ती उकळून द्यायचा.

रुतबा मागे पडलं. सरकारी वीज मघाशीच गेली होती, घर जनरेटरवर चालू होतं. कूलर घरघरत होता. आणि स्वयंपाकघरात फ्रिजने हळूच चालू व्हायची वेळ साधली.

खट.

पडदा काळा, कूलर बंद, कानातला तोमा बंद. चार अँपिअरचा खटका पडला होता. आता हा खटका घरात नसतो, तो जनरेटरवाल्याच्या अंगणातल्या फळीवर असतो. सबीह तसाच सपाता घालून गल्लीच्या टोकाला धावला. तर जनरेटरवाला उबैद फाटकाला कुलूप घालून मेहुण्याच्या लग्नाला गेलेला. फोन उचलेना, लग्नात कोण उचलतो? सबीह फाटकासमोर येरझाऱ्या घालत राहिला. घाम पुसत होता, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, जी तो तीस वर्षं घोळू देत नव्हता.

ती गोष्ट अशी. साल पंचाण्णव, नाकेबंदीचे दिवस, हिवाळा. दोघे अम्मानहून माल घेऊन येत होते. व्यापाऱ्याने सांगून ठेवलं होतं, आज रात्री आठला गोदाम बंद व्हायच्या आत जो पोचेल त्याला मजुरीवर एक पोतं साखर. त्या काळात साखर काय होती हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. रेशनवर मिळायची ती मुंग्यांना पुरली नसती. दुपारी तीन वाजता, रुतबा मागे टाकल्यावर, तोमाच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. नियम ठाऊक होता. तरी सबीह म्हणाला, मी पुढे होतो, रमादीहून मेकॅनिक पाठवतो, रात्रीपर्यंत येईल. तोमाने सिगरेट पेटवली. सबीह निघाला. आणि रमादी आली तेव्हा आठला दोन तास उरले होते, मेकॅनिक शोधायचा म्हणजे तास जाणार. तो थांबला नाही. साखर मिळाली. मेकॅनिक त्याने बगदादहून पहाटे पाठवला, तो तोमापाशी सकाळी दहाला पोचला. एकोणीस तास. थंडीत तोमाने स्टेपनीचा टायर जाळून रात्र काढली. परत आल्यावर सबीहने त्याला सांगितलं की रमादीत एकही मेकॅनिक मिळाला नाही. त्या ईदला उम्म रंदने त्याच साखरेच्या, खजूर भरलेल्या क्लेचा केल्या. तोमा सणाचं भेटायला आला, चार खाल्ल्या, आणि म्हणाला, "साखर चांगली आहे." त्यानंतर त्याने तो विषय जन्मात काढला नाही. दोघे पुन्हा जोडीने चालले. पण सबीहला त्या दिवसापासून क्लेचा गोड लागली नाही. बायको समजते, याला मधुमेहाची भीती आहे.

आता फाटकासमोर उभं राहून त्याला हेच खात होतं. त्याच रस्त्यावर, त्याच बाजूला, पुन्हा एकदा तो तोमाला सोडून गेला होता. खेळ असला म्हणून काय झालं?

उबैद लग्नाचा भात जेवून, अत्तर लावून सव्वादोन तासांनी उगवला. खटका वर केला, वर उपदेश केला की हज्जी, एक अँपिअर वाढवून घ्या. सबीहने घरी येऊन फ्रिजची पिन काढली, मशीन सुरू केलं. जुनी डिस्क, तिला उठायलाच चौदा मिनिटं लागली. जुन्या खेळात तुटलं की परत येणारा थेट आपल्या डेपोत उगवायचा. मागे कोण कुठे राहिलं ते कळायचं नाही. नव्यात जिथे तुटलं तिथेच माणूस परत उभा राहतो. सबीह उभा राहिला. वाळवंटात अंधार पडला होता. आणि आरशात, त्याच्या बरोबर मागे, रस्त्याच्या कडेला, तोमाच्या गाडीचे चारी दिवे लुकलुकत होते.

"आलास?" तोमा म्हणाला. "माझा तिसरा चहा झाला."

"तू जायचं होतंस पुढे."

"वेडा का तू? दर वेळी थांबतो, आज कुठे जाऊ?"

दर वेळी. म्हणजे दोन वर्षांत जेवढ्या वेळा वीज गेली तेवढ्या वेळा हा माणूस कुठल्यातरी परक्या मुलुखातल्या रस्त्याच्या कडेला दिवे लावून बसला होता, आणि बोलला नव्हता. सबीहला लाज वाटली. इतकी की पोट दुखतंय सांगून त्याने लवकर निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कार्ड काखोटीला मारून सिनाआ रस्त्यावर गेला. शेजारचा दुकानदार ओळखच दाखवेना. विकलेला माल परत घेत नाही, म्हणाला, आणि या खेपेला चहाही नाही. मग मान खाली घालून सबीह तग्रीदकडे शिरला. ती हसली असती तर तो परत फिरला असता. ती हसली नाही. तिने स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "खटका पडला ना?"

सबीहने तिला सगळं सांगितलं. साखरेचं नाही, पण रस्त्याचं, तोमाचं, दिव्यांचं सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच उमगलं. त्या रस्त्यावर नवखे ड्रायव्हर मोठं इंजिन बघून गाडी घ्यायचे आणि रुतबाच्या पुढे रेडिएटर उकळून बसायचे. तो आणि तोमा इंजिनाकडे बघत नसत. ते गाडीच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या लावायचे. लोक हसायचे, आणि मग त्यांच्याकडेच पाणी मागायला यायचे.

"ती तुझी बॅटरीची पेटी," तो म्हणाला, "ती म्हणजे पाण्याची टाकी."

"हे मी तुम्हाला आठ दिवसांपूर्वी सांगत होते, अम्मो."

"तू अँपिअर अँपिअर करत होतीस, पोरी. पाणी म्हणायचं होतंस."

तग्रीदने कार्ड एक लाख ऐंशी हजारांना घेतलं. साठ हजार अक्कलखाती गेले. नवी डिस्क आणि बॅटरीची पेटी घेऊन वर पन्नास हजार उरले. जाताना तिने मागून हाक मारून बजावलं की इंटरनेटची डबी पण त्याच पेटीला जोडा, नाहीतर मशीन जागं राहील आणि तुमचा मित्र गायब होईल. हे सबीहच्या डोक्यातही आलं नव्हतं. घरी त्याने पन्नास हजार बायकोच्या हातात ठेवले. चुना लागला का, तिने विचारलं. "लागला," तो म्हणाला, "पण आता माझंही छत गळणार नाही." तिला काही कळलं नाही, नवऱ्याने पैसे परत आणले या धक्क्यातच ती होती.

पुढचा शुक्रवार. फळीवरचं जुनं कार्ड पुन्हा जागेवर बसलं होतं, आणि वाळवंट आता अगदी गरीब दिसत होतं. दगड म्हणजे कणकेचे गोळे, सावल्या गायब, आकाश एका रंगाचं. या वेळी तोमा पुढे होता. पावणेसातला वीज गेली. कूलर थांबला, घर गप्प झालं. पायाशी ठेवलेली पेटी पीं पीं करून ओरडली. पडद्यावरचा रस्ता मात्र चालतच राहिला, आणि दोन मिनिटांनी जनरेटर धडधडला.

"वीज गेली वाटतं," तोमा म्हणाला. त्याला कानात पेटी ऐकू गेली होती.

"गेली. मी आहे."

रुतबा मागे पडलं. सबीह मैलांचे दगड मोजत होता. पोरांनी खपून बनवलेला रस्ता. जागा चुकायचा प्रश्न नव्हता. सात वाजता त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चारी दिवे लावले. तोमाची गाडी थोडी पुढे जाऊन थांबली.

"काय झालं?"

"काही नाही झालं," सबीह म्हणाला. "तोमा, मी त्या दिवशी साखरेसाठी गेलो. घाई नव्हती कसली. साखर होती."

"माहितेय," तोमा म्हणाला. "पोतं तुमच्या दारामागेच तर होतं." मग खाकरला. "बरं, मुलाच्या घरी जेवायला जायचंय, सून वाट बघतेय. उद्या बघू." आणि तो गेला. त्याची गाडी पडद्यावरून पुसली गेली.

सबीह उठला नाही. उम्म रंद जेवायला बोलवायला आली तर हा बसलेला, आणि पडद्यावर एक ट्रक उभा, लुकलुकतोय. ती म्हणाली, खेळ संपला असेल तर बंद करा. तो म्हणाला, उद्या दोन वाजेपर्यंत बंद करायचा नाही. का? मग त्याने तीस वर्षांत पहिल्यांदा तिला सांगितलं, सगळं, रमादीत न थांबल्याचंसुद्धा. ती दारात उभी राहून ऐकत होती. त्याला वाटलं, आता ताशेरे सुटणार.

"ती साखर मी पण खाल्ली," ती म्हणाली. "रंदनेही खाल्ली." आणि आत गेली. थोड्या वेळाने फ्रिजची घरघर थांबली. तिने पिन काढली होती. दूध, पनीर, दुपारची दोल्मा, सगळं शेजारणीच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं होतं.

त्या रात्री वीज चार वेळा गेली. चारही वेळा पेटी ओरडली, जनरेटर आला, आणि पेटी गप्प झाली. सबीह खुर्चीत पेंगला, उठला, पडद्यावर दिवे लुकलुकताहेत बघून पुन्हा पेंगला. सकाळी समून पाव आणि चहा खुर्चीतच आला. शनिवार असल्यामुळे शाळेला सुट्टी होती, नाहीतर त्या मुलींचं काय केलं असतं देव जाणे.

दुपारी दोनला पाच मिनिटं कमी होती. तोमाकडे सकाळचे सात. पडद्यावर पुढे एक गाडी उमटली, आणि तिचे दिवे लागले.

"अबू रंद?"

"हं."

"तू कालपासून इथे आहेस?"

"पाच मिनिटांनी एकोणीस तास होतील."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. तोमाने विचारलं, टायर जाळलास का? सबीह म्हणाला, उम्म रंद घरात टायर जाळू देत नाही. दोघे थोडे हसले. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले.

"जेवलास?" तोमाने विचारलं.

"अजून नाही."

"मग चल." त्याने इंजिन सुरू केलं. "आणि ऐक. या खेपेला रमादीला थांबायचं हं."

म्हणजे तोमाला तेही ठाऊक होतं, तीस वर्षं.

"थांबू," सबीह म्हणाला. त्याने तोमाच्या गाडीला पुढे जाऊ दिलं, चारी दिवे बंद केले, आणि आपली गाडी तिच्या मागे लावली.